तेरावा फर्मा

घणसोली, जिन्याखालचा गाळा.
अनामत साडेतीनशे, महिना ऐंशी,
आणि ‘तांब्याची खाडी’चे चार भाग,
जे एका वेळी रॅकवर कधीच सापडत नाहीत.

मी पुस्तकं देते-घेते, मत देत नाही.
मतं लोक आणतात,
पानात विसरलेल्या बसच्या तिकिटासारखी.

पुंडलिक माधवी पहिला भाग परत करताना हसत होते.
त्यात कंपनी माणसांच्या आठवणी संपादित करते
आणि मोबदल्यात थोड्या परत देते, विकसित करून.
“किती टक्के ते लिवला नाय,” म्हणाले,
“पन मना ठाव हाय.
भविष्य कसला गो, यो त आमचा सातबारा हाय.”

इर्शाद मुकादम महाप्याला रात्रपाळीला असतो,
जिथे सगळ्यांचे फोटो आणि पगार साठवतात म्हणे.
मे महिन्यात हातावर स्वेटर टाकून येतो.
“मॅडम, निळा उजेड नसतो तिथे. धूर नसतो.
पांढऱ्या ट्यूब, कडाक्याची थंडी,
आणि पिठाच्या गिरणीला कान लावल्यासारखा आवाज.
हल्ला-बिल्ला कोणी करत नाही,
एसी बंद पडला की साहेब रडतात.
सगळं खोटं लिहिलंय.”
मग काउंटरवर बोटं वाजवत:
“चौथा आला का?”

मिताली ओव्हाळ नववीत आहे.
चारी भाग नऊ दिवसांत.
निमासारखी अर्धी डोई भादरून आली,
कानामागे, जिथे निमाला वायर जोडायची खाच आहे,
तिथे बॉलपेनने एक चौकोन.
तिची आई माझ्याशी भांडून गेली.
जाताना हळूच पहिला भाग घेऊन गेली.

टिल्लू बाई बोलत नाहीत.
पेन्सिलीने ‘आणी’चं ‘आणि’ करतात, चारशे पानं.
समासात एकदाच मत दिलंय:
या मुलीला कोणी जेवलीस का विचारत नाही.

भांडण झालं ते तिसऱ्या भागावरून.
निमा वायर कानामागे लावते,
आणि लगेच पुढच्या पानावर
ऐरोलीच्या पुलावर उभी, फ्लेमिंगो मोजतेय,
स्वतःचं नाव आठवत नाही.
मध्ये काय झालं?

“अंगठा दिलान तिनं,” माधवी म्हणाले, “पैशाला.”
“लाइट गेली,” इर्शाद म्हणाला,
“जनरेटर घ्यायला सात सेकंद लागतात.
सात सेकंदात काय काय पुसलं जातं
तुम्हाला कल्पना नाही.”
“तिने स्वतःच पुसलं,” मिताली म्हणाली,
“सापडू नये म्हणून.”
आणि असं म्हणाली
की कोणीच लगेच काही बोललं नाही.

दिवे लागले तरी पायरीवरून उठेनात.
शटर अर्धं ओढून मी पुस्तक चाळलं.
एकशे ब्याण्णव.
दोनशे नऊ.

बाइंडरने एक फर्मा खाल्ला होता.

प्रकाशकाला कळवलं. पुण्याहून नवी प्रत आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
ती सोळा पानं मी रात्री डाळ शिजेपर्यंत वाचली.
एक म्हातारा शास्त्रज्ञ येतो आणि सगळं समजावून सांगतो.
आकृतीसकट.
डाळ लागली होती खाली.
प्रत पुन्हा त्याच कागदात गुंडाळली,
पावतीपुस्तकांच्या खणात, तळाशी.

हे बरोबर केलं की नाही मला माहीत नाही.
लोक ऐंशी रुपये देतात, पूर्ण पुस्तकाचे.

गुरुवारी टिल्लू बाईंनी तिसरा भाग परत केला.
एकशे ब्याण्णवच्या तळाशी, बारीक, टोकदार:
येथे सोळा पाने नाहीत.
आणू नयेत.

खोडरबर हातात घेतलं होतं.

आता मिताली उभी आहे काउंटरपाशी,
एका बाजूचे केस बोटभर वाढलेले,
तिसरा भाग पुन्हा हवा म्हणते,
मधलं काहीतरी नीट पाहायचंय.

थांब हं, म्हणते मी,
आणि तारखेचा शिक्का शोधत राहते,
नसलेल्या खणात.