ऐकायचं काय, ते आधी सांगा

बाई, आधी सांगा, ऐकायचं काय आहे.
किंमत मागाहून.
माणसं येतात, सर्वांत महागावर बोट ठेवतात,
हजार चॅनेल, रंगीत पडदा,
आणि महिन्याने परत आणतात,
नुसती खरखर येते म्हणून.

फुजैराच्या या गल्लीत, मासळीबाजाराच्या मागे,
एकोणीस वर्षं हेच विकतोय.
मी नझीर परकार, दाभोळचा.
मालक मलबारी, गिऱ्हाईक साऱ्या दुनियेचं.

पोलिसांचं म्हणाल तर विसरा.
ते कुलूपबंद असतं,
आणि परमुलखात कुलपाशी खेळू नये.
विमानांना एएम लागतं, बोटींना एफएम.
दोन्ही एकाच डब्यात हवं तर शंभरेक दिरहम जास्त.
एका सेकंदात तो किती दारं ठोठावतो
हे खोक्यावर ठळक छापलेलं असतं.
तुम्हाला किती ठोठावायची आहेत?

एकच, म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं.

चोगलेबाई. हर्णैच्या. इथे इस्पितळात रक्त तपासतात.
नवरा टगवर.
ते समोर टँकर नांगरून उभे आहेत ना,
आळीतल्या थोरल्या सुनांसारखे, कुणाला हलायची घाई नाही,
त्यांना ढकलत फिरणारी बुटकी बोट, तिच्यावर.
पंधरा दिवस पाण्यात, पंधरा दिवस घरी.
"घरी असतो तेव्हा बोलत नाही हो.
हूं. बघू. मीठ.
त्याचा खलाशी म्हणाला,
भाऊ रात्रभर बोलतात रेडिओवर."

कागद लागतो का ते कचेरीत विचारून या, म्हटलं.
आल्या विचारून. शिक्क्यासकट.

मग मी महागाचा काढलाच नाही.
हा घ्या, साधा, बोटींपुरता.
पैसे उरतील ते एरियलला घाला,
डबा कसाही चालतो, कान उंचावर हवा.
कितवा मजला? नववा? समुद्राकडे तोंड?
मग तुम्ही नशिबाच्या.
ही गोल कळ स्क्वेल्चची.
फार आवळलीत तर हळू बोलणारा मेला,
सैल सोडलीत तर सगळं आखात घरात.
मधे कुठेतरी जागा असते,
ती रोज थोडी सरकते.
आणि याने नुसतं ऐकता येतं, बाई.
उत्तर देता येत नाही.

"त्याची सवय आहे," म्हणाल्या.
घासाघीस केली नाही.

तीन आठवड्यांनी आल्या बॅटऱ्या न्यायला.
सापडला?
सापडला. पहाटे पावणेचारला.
कपडे वाळत घालायच्या दांडीला एरियल बांधलंय.
कुठल्याशा ग्रीक जहाजाला गुड मॉर्निंग सर म्हणाला,
अहो, हसलासुद्धा!
तिकडच्याला कळेना, तो म्हणाला, से अगेन.
याने परत सांगितलं.
पुन्हा से अगेन.
याने पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून,
तांदूळ निवडल्यासारखा.
चिडला नाही.
मी घरात दुसऱ्यांदा विचारलं तर...

पुढचं बोलल्या नाहीत.
चार बॅटऱ्या, बारा दिरहम.

काल दुपारी एक माणूस आला.
मानेवर मिठाचे पांढरे ओरखडे, हातात जुनी वायर.
खाली बघून काहीतरी पुटपुटला.
मला ऐकू आलं होतं.
तरी मी म्हटलं, से अगेन.

त्याने झटकन मान वर केली.
घसा साफ केला.
"एरियलची केबल. सहा मीटर. दोन्ही टोकांना पिन.
नववा मजला.
ती म्हणते, वारा सुटला की माझा आवाज तुटतो."