सयाजीगंज, अकरा दिवस

पासपोर्ट येईपर्यंत थांबायचं होतं.
स्टेशनजवळचं हॉटेल, खोली दोनशे चार,
घसा खाकरत चालणारा एसी
आणि पलंगाच्या मधोमध तू,
बूट घालून झोपलेली.
काढू दिले नाहीस. पहिल्या रात्री नाही, दुसऱ्याही नाही.
संस्थेत काढून ठेवलेले बूट सकाळी दुसऱ्याच कुणाच्या पायात असतात,
हे रमीलाबेननी नंतर फोनवर सांगितलं.

मी खरं तर याच गावातली.
दांडिया बाजारात, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत वाढले.
बावीस वर्षांपूर्वी गेले ती थेट बर्गनला,
जिथं पाऊस थांबला तर शेजारी दार वाजवून सांगतात.
आता इथला रिक्षावाला विचारतो,
बेन, क्यांथी आव्या?
आणि मी पर्समधले सुटे पैसे शोधत राहते.

तुझी भाषा एकंदर आठ शब्दांची.
पाणी आणि दूध आपल्या दोघींचं सारखंच,
त्यावर दोन दिवस निभावले.
तिसऱ्या दिवशी लिफ्टसमोर तू म्हणालीस,
बीक लागे.
जयदीप सोलापूरचा. त्याला भूक ऐकू आलं,
तो केळं सोलू लागला.
मी मात्र तिथंच फरशीवर बसले तुझ्यासमोर.
बीक म्हणजे भीती, जयदीप. भीती.
शाळा सुटल्यापासून हा शब्द मी कुणाकडून ऐकला नव्हता.

खरंच आहे तुझं.
एका छोट्या खोलीत शिरायचं, दार लागणार,
आणि उघडेल तेव्हा बाहेरचं सगळं बदललेलं.
तुझ्या बाबतीत हे एकदा होऊन गेलंय,
मागच्या मंगळवारी.
त्या दिवसापासून आपण जिन्यानं जातो.

विश्वामित्रीच्या पुलावरून मगर दिसली.
तिला भ्याली नाहीस.
चिखलात पडून होती, जबडा उघडा,
तू तिला बोटानं दटावलंस
आणि कमाटी बागेतल्या शेंगा एकटीनं संपवल्यास,
सालं माझ्या ओंजळीत.

मे महिना, त्रेचाळीस डिग्री,
रावपुऱ्यात आम्ही लोकरीची टोपी शोधत फिरलो.
बेन, नवेंबरमां आवजो, दुकानदार म्हणाला.
मग मुलाला माळ्यावर चढवून
धुळीचं एक खोकं काढवलं त्यानं.
लाल टोपी, कानांवर येणारी. ती तू डोक्यावर घेतलीस ती घेतलीसच.
घाम गळ्यापर्यंत, पण हात लावू देईनास.

पासपोर्ट आला. फोटोत तू हसली नाहीयेस.
हसायचं नाही असा नियमच आहे,
पण नियम नसता तरी.
नावाच्या जागी झरणा, संस्थेनं ठेवलेलं.
आम्ही बर्गनमध्ये भांडून ठरवलेलं नाव
तोंडाशी आलंच नाही दोघांच्या.
आईच्या नावाच्या रकान्यात मी.
ते पान मी बाथरूममध्ये जाऊन परत वाचलं.

दहाव्या संध्याकाळी बागेतून येताना
तू माझं बोट ओढलंस,
घेर, म्हणालीस. घेर, घेर.
आणि वाट दाखवत निघालीस,
पानाचं दुकान, कुल्फीची गाडी, जिना, दोनशे चार.
दाराला कपाळ टेकवून उभी राहिलीस.
जयदीपनं माझ्याकडे पाहिलं.
तिकडं एक पिवळी भिंत आहे, जिच्यासाठी त्यानं चार रविवार घालवले,
त्याबद्दल तो काही बोलला नाही.
किल्ली फिरवली.

त्या रात्री तू एक बूट काढलास.
एकच.

सकाळी बॅगा खाली गेल्या.
तू पलंगाला आवजो केलंस,
एसीला, बादलीला, बंद लिफ्टलाही केलंस.
माझी आजी कुणाला जा म्हणू द्यायची नाही.
येते म्हण, सांगायची, नाहीतर दार ऐकतं.
मी येते म्हणाले.
कुणाला, ते ठाऊक नाही.

आता अहमदाबादच्या रस्त्यावर
तू माझ्या मांडीवर, टोपी घालून, तोंड उघडं.
दुसरा बूट आणंदच्या आसपास कधीतरी पडला.
उचलला मी. हातातच आहे.