कार्डाची मागची बाजू

पेलाभर पाणी, पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज,
चमचा कितीही फिरवला तरी तळाशी पांढरा ढग.
"पाच मिनिटांत संपवा," भोवते सिस्टर म्हणाली,
"मग दोन तास नुसतं बसायचं.
फिरायचं नाही, खायचं नाही,
घरी जाऊन कुकर लावून येते, असंही नाही."

मला हसू आलं.
दोन तासांत माझ्या मशीनवर
पाच साड्यांना फॉल-पिको होतो.
नुसतं बसायचं, हे मला कुणी लिहून दिलेलं
पहिलंच औषध.

कूलर सुरू आहे, त्यात पाणी नाही.
टांडापेठेतला मे महिना आत येऊन
बाकावर माझ्याशेजारी टेकलेला.
कुणाच्या तरी डब्यातून तर्रीचा वास,
माझं पोट रात्री नऊपासून रिकामं,
आणि तोंड इतकं गोड की जीभ दातांना चिकटते.

ओवी पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यात साखर निघाली.
बोटाला सुई, ताटात एकच पोळी,
शेवटी शेवटी इन्सुलिन,
पाहुणे असले की न्हाणीत जाऊन मांडीत टोचायचं.
पोरगी झाली, पावणेचार किलोची.
तिसऱ्या दिवशी माझी साखर शहाण्णव.
"पोटातलं होतं, पोटासंग गेलं," सगळे म्हणाले,
आणि सासूबाईंनी डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला.
मीही खाल्ले. खोटं कशाला बोलू, चांगले झाले होते.

सुट्टी देताना डॉक्टरीणबाई काहीतरी बोलल्या होत्या
सहा आठवड्यांचं.
पण जिला झोप दीड-दीड तासाच्या तुकड्यांत मिळते
ती आठवडे कशात मोजणार?

परवा ओवीचा पाच वर्षांचा डोस होता.
सुषमा मेश्राम, आमच्या वस्तीची आशाताई,
तिनं कार्ड मागितलं.
सगळ्या चौकटी भरलेल्या, तारीख, सही, शिक्का.
एकही चुकला नाही.
एकदा तर ऑटो बंद होते म्हणून
तिला कडेवर घेऊन मेयोपर्यंत चालत गेले होते मी.
सुषमाताईनं कार्ड उलटलं.
मागे निळ्या शाईत, घाईच्या अक्षरात:
आई, साखर, सहा आठवडे, मग दर वर्षी.
खाली आखलेल्या सहा ओळी. कोऱ्या.
"हे कोन भरनार होतं, माय?"
मी म्हटलं, मला वाटलं
ते बाळाचं कार्ड आहे.

समोरच्या बाकावर मोमिनपुऱ्याच्या शमीमआपा.
तिसऱ्या खेपेला निघाली होती त्यांची,
त्याला आता अकरा वर्षं झाली.
"सुईत दोरा जाईना," म्हणाल्या, "म्हणून आले.
वाटलं चष्मा लागला असेल."
त्यांचा कागद त्यांनी मला वाचायला दिला.
मी आकडा मोठ्यानं वाचला नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.
घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला,
आणि बराच वेळ आम्ही बिनपाण्याच्या कूलरकडे बघत बसलो.

"निखारेताई, चला, दोन तास झाले."
दुसरी सुई.
या हाताकडे मी इतक्या जवळून
कधी पाहिलं होतं शेवटचं?

संध्याकाळी आकडा आला: एकशे बावन्न.
"डायबिटीस नाही," सिस्टर म्हणाली,
"पण बरोबर आहे असंही नाही.
चालत जा रोज. आणि पुढल्या वर्षी
मी बोलवायची वाट पाहू नका."

घरी आले तर ओवी दारातच.
"तुला टोचलं? रडलीस?"
"नाही."
"मी पण नव्हते रडले."
रडली होती. चांगली गल्लीभर ऐकू जाईल अशी.

मी कार्ड काढलं, मागची बाजू वर केली.
पेन शोधेपर्यंत
तिनं आपली शाळेची पेन्सिल आणली,
पहिल्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं,
आणि मी सांगत गेले तसं
जीभ बाहेर काढून एकेक आकडा काढला.
पाचाचं तोंड भलत्याच बाजूला झालं.
मी ते खोडलं नाही.