मंगळवारचं पाणी

प्रत्येकाला तीन मिनिटं.
हिरवा दिवा, मग पिवळा, मग लाल.
दिव्याचं बटण माझ्या हाताशी, इतिवृत्तही मीच लिहिते,
पगार नगरपालिकेचा, बाजू कुणाचीच नाही.

विषय क्रमांक चार:
मिल स्ट्रीटवरचं सार्वजनिक स्नानगृह, बांधकाम १९११,
संरक्षित वास्तू म्हणून जाहीर करावं की नाही.
नाही ठरलं तर जूनमध्ये यंत्रं येतील.
मग पार्किंग. बत्तीस गाड्या.

वकील स्टॉफर आधी बोलले.
छपराचा खर्च, बॉयलरचा खर्च,
आणि पडद्यावर एकेक फोटो:
पोपडे, बुरशी, तळघरातली ओल.
इथं पाणी मुरतंय, ते म्हणाले.
मुरतंय खरं, मी मनात म्हटलं,
पण ते इतिवृत्तात येत नाही.

मग ल्युडमिला ह्राब्चाक, पर्स पोटाशी धरून.
घरी नळ नव्हता. शनिवारी भट्टीवरची पाळी सुटली
की बाप पोरांना घेऊन इथं यायचा.
पाच सेंट, एक टॉवेल, साबणाची अर्धी वडी.
दारावरचे टेराकोटाचे मासे ती मोजायची, एकवीस,
एकाचं शेपूट तेव्हाही तुटलेलं.
"आत जाताना सगळे एकाच रंगाचे असायचे," ती म्हणाली,
"काजळीचे. बाहेर येताना आपापले."
लोक हसले. टाळ्याही पडल्या.

नंतरचं नाव अर्नेस्टीन पेटिग्रू, वय एक्याऐंशी.
ती माइकपाशी पोचेपर्यंतच
चाळीस सेकंद गेले.
"तो सातवा फोटो पुन्हा दाखवता?"
स्टॉफरनी दाखवला. पांढऱ्या फरशांची भिंत,
दारालगत, डोळ्यांच्या उंचीवर
स्क्रूची चार भोकं.

"इथं पाटी होती," ती म्हणाली.
"आम्हाला फक्त सोमवार.
मंगळवारी हौदात नवं पाणी भरायचे,
ते सगळ्या गावाचं अंग धूत धूत
सोमवारी आमच्याकडे यायचं.
रात्री हौद रिकामा करून ब्रशनं घासायचे.
माझा भाऊ विचारायचा,
मंगळवारचं पाणी कसं असतं?
निळं असतं का?"

कुणाला पाण्यात पाहणं म्हणतात ना,
ते मी आजवर नुसतं बोलण्यात वापरलं होतं.

पिवळा दिवा.
स्टॉफर पुढे सरकून बसले,
त्यांना वाटलं, ही आपल्या बाजूची.

"पाडा म्हणायला मी आलेले नाही.
पाडलंत तर उद्या म्हणाल, असं काही नव्हतंच.
पाटी कुणीतरी रातोरात काढली,
भोकं काढता आली नाहीत.
वास्तू राखायची तर ती भोकंही राखा.
लांबी, पिंपळ काही भरू नका त्यांत.
तुमच्या भिंतींना कान असतील,
तोंड एवढंच आहे."

दिवा लाल झाला.
त्यानंतर घंटा वाजवायची असते.
माझं बोट बटणावर होतं, तिथंच राहिलं.

ती परत जाताना
ल्युडमिलानं रांगेतून तिची बाही धरली.
"सोमवारी?" ती हळूच म्हणाली,
"मला वाटायचं, सोमवारी बंद असतं."
अर्नेस्टीननं बाही सोडवून घेतली नाही
आणि उत्तरही दिलं नाही.

चार विरुद्ध तीन. ठराव मंजूर.
छपरासाठी पैसे कुठून आणायचे,
ते पुढच्या बैठकीत.

मध्यरात्री मी परिशिष्ट टाइप करत बसले,
संरक्षित घटक, आणि समोर स्थिती.
छप्पर: वाईट.
बॉयलर: निकामी.
मासे, एकवीस: एक भंगलेला.
हौद: कोरडा.
भोकं, चार, पुरुष विभागाच्या दारालगत:
इथं जरा थांबले.
मग लिहिलं,
जशीच्या तशी.