उतार

आमच्याकडे गाडी लावायची ती उतारावर, तोंड खाली करून.
घरचा नियम; तिन्हीसांजेला केर काढू नये, तसा.
बॅटरी बारा महिने मेलेली,
आणि नवी बॅटरी कायम पुढच्या महिन्यात.
त्यामुळे नातेवाइकांतही आपसूक निवड झाली:
पर्वती पायथ्याच्या काकांकडे आम्ही दर रविवारी,
सदाशिव पेठेतली सपाट मावशी मात्र दुरावली.

आई चालवायची. बाबा ढकलायचे.
एकसष्ट सालची फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी,
धावत येऊन आत पडायला सोयीची.
बाबांना ढकलण्यापलीकडे वाहन आलंच नाही;
सायकलवरसुद्धा ते पाहुण्यासारखे बसत.

मग अकरा वर्षं ताडपत्री.
वर गुलमोहराचा पाचोळा, खाली मांजरीची बाळंतपणं,
सोसायटीच्या तीन नोटिसा, तिसरी लॅमिनेट केलेली.
दसऱ्याला बाबा एक कोपरा उचलत,
नंबरप्लेटला हळदकुंकू, झेंडूचं एक फूल,
आणि कोपरा पुन्हा दोरीखाली.

नाना पेठेतून दस्तगीर मिस्त्री आले.
बॉनेट उघडून आधी नुसते वास घेत उभे राहिले.
टाकीत पेट्रोलचा डिंक, एअर फिल्टरमध्ये उंदरांचं घर,
त्यात आमची लाइट बिलं, बारीक कातरून, नीट अंथरून.
प्लग काढले, भोकात बोट घातलं, चोळून पाहिलं.
"इंजिनात तेल कुणी सोडलं?"
कुणी नाही.
"सोडलंय. चारीत. हँडब्रेक मोकळा, चाकांखाली विटा.
ज्यानं ठेवली ना ताई,
त्याला ठाऊक होतं, लवकर यायचं नाही."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी
आई म्हणाली होती, जरा खाली जाऊन येते.
दुसऱ्या दिवशी नर्स रागावली, नखं किती काळी!

तीन रविवार जुना बाजार.
पंपाचा पडदा मिळाला, पॉइंट घासले,
कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात रात्रभर,
पेट्रोलची बाटली बॉनेटला सलाइनसारखी टांगून.
बॅटरी नवी आणली.
स्टार्टरने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि मान टाकली.
"हिला बटणाची सवयच नाय," दस्तगीर म्हणाले.

विटा काढल्या. मी सीटवर, त्यांची दोन पोरं मागे.
बाबा जिना उतरून आले, पायात घरातल्या सपाता,
पोरांच्या मधे शिरले
आणि डिकीवर उजवा तळवा ठेवला,
जिथे रंग झिजून पत्रा दिसतो, तळव्याएवढाच.
मला आजवर तो गंज वाटायचा.

"सेकंड. चावी फिरव. क्लच दाबून धर.
अजून. अजून.
पानशांच्या फाटकापाशी सोड."
पानशांच्या फाटकाजागी आता दातांचा दवाखाना.
तरी पायाला कळलं कुठे.

एक हिसका. दुसरा. निळा धूर.
मग तो आवाज,
शिवणयंत्र आणि चिडकी म्हैस यांच्या मधला कुठलातरी.
खिडक्या उघडल्या. सेक्रेटरी टॉवेलवर बाल्कनीत.
आणि मागून बाबा, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने:
थांबू नकोस! थांबलीस तर बंद पडेल!
आरशात त्यांचा हात वर, एक सपात रस्त्यात सुटलेली.

अरण्येश्वराला वळले, ब्रेकवर अर्धाच भरवसा,
एका टेम्पोवाल्याने हात जोडले,
एका आजोबांनी काठी उचलून सलाम केला, की शिवी दिली, कळलं नाही.
चढावरून परत आले तर ते तिथेच,
दवाखान्याच्या पायरीवर, एक पाय अनवाणी.

आईने चालू गाडी त्यांच्यासाठी कधी थांबवली नाही.
हळू करायची. ते धावायचे.
मी हळू केली.
ते उठले, दोन पावलं आले, आणि उभे राहिले.

वर जाऊन वळवली, त्यांच्यापाशी आणून लावली, तोंड खाली करून,
आणि चावी बंद केली.
उलटं दार उघडून धरलं. ते बसले,
गुडघे जवळ घेऊन, सायकलवरचे पाहुणे.
"बंद का केलीस? आता ढकलणार कोण?"
उतार आहे की, मी म्हटलं.
"मग आधी माझी सपात आण."