सतरा टक्के

फोनवर लाल आकडा: सतरा टक्के.
कोचरानला बाबांच्या फाटकावर टांगलेला डोळा
पुन्हा मिटायला आलाय.
मी इथे कन्सेप्सियोनच्या इस्पितळात
औषधांच्या खिडकीमागे रात्रपाळीला,
मधे हजारावर किलोमीटर.

दोन मेंढ्या गेल्या, तेव्हा बसवला होता कॅमेरा.
खोक्यावर लिहिलं होतं: बॅटरी सहा महिने.
जूनमध्ये अकरा दिवससुद्धा धड नाहीत.
"खोक्यावरचे महिने कुठल्या गावचे?"
बाबांनी विचारलं, आणि शिडी काढायला गेले.
गुडघ्याचं नाव काढलं नाही.

मी एका दिवसाच्या नोंदी चाळल्या.
दोनशे बारा वेळा जाग आली होती त्याला.
एकशे नव्वद वेळा वारा:
कालाफातेचं झुडूप जरा हललं
की हा दचकून उठणार, नवख्या पहारेकऱ्यासारखा.
नऊ वेळा ओरोसिंबोची कुत्री.
एकदा कोल्हा, शेपटीपुरताच.
आणि बारा वेळा बाबा.

चोर नाही.

मग मी इथूनच एकेक गोष्ट काढून घेत गेले.
संवेदनशीलता तळाशी नेली.
तीस सेकंदांची चित्रफीत दहावर आणली.
एकदा जागा झालास तर पाच मिनिटं पडून राहा, म्हटलं.
बोटाने चौकट आखली: फाटक तेवढं आत,
झुडूप बाहेर, रस्ता बाहेर, आभाळ बाहेर.
रात्रीचा पांढरा दिवा बंद.

तरी आकडा उतरतच होता.
कारण पुड्या मोजता मोजता, बस येईपर्यंत,
दात घासताना मी त्याला उठवायची:
दाखव, आत्ता काय आहे?
वाऱ्याच्या खालोखाल
माझं बघणंच त्याला खात होतं.
ते बंद करायला कुठलं बटण नव्हतं.

बॅटरी गोठलेली असताना भरू नका, मी फोनवर सांगितलं.
आत आणा, ऊब येऊ दे,
पण चुलीला चिकटवून नको.
"मला शिकवतेस?" बाबा हसले.
"ऑक्टोबरात अशक्त कोकरू आणतो घरात,
ते काय चुलीत घालतो?"
आणि लोकरीच्या मोज्यात घालून
मातेच्या किटलीपासून हातभर लांब
त्यांनी ती निजवली.

सौरपट्टीचं तोंड दक्षिणेला होतं, पुस्तिकेप्रमाणे.
बाबांनी पुस्तिका मिटली.
"लिहिणाऱ्याच्या घरी सूर्य तिकडून जात असेल."
खिळे उपसून त्यांनी पट्टी उत्तरेला वळवली,
जरा जास्तच उभी, बर्फ घसरून पडावं म्हणून.

बावीस दिवस. मग चाळीस.
ऑगस्टात एकदा ब्याऐंशी टक्के
हिरवे, टवटवीत.
इस्पितळातल्या रेमेदिओसला मी दाखवले,
मूल पहिलं आल्यासारखे.

पण बाबा आता दहा सेकंदांचे.
कडीवर हात, अर्धी टोपी, आणि संपलं.
कुठे निघाले, उजवा पाय अजून ओढतात का,
कुत्रीशी काय बोलतात,
ते सगळं वाचलेल्या विजेत गेलं.

मग तीन दिवस एकही नोंद नाही.
टक्के तसेच, जागच्या जागी.
मी फोन केला. वाजला, वाजला, वाजला.
"काय गं?"
धाप लागली होती.
कुठे आहात? फाटकावर का दिसत नाही?

"मी मागच्या दाराने जातो आता,"
बाबा म्हणाले. "ओढ्याकडून.
म्हटलं, उगाच कशाला
तुझी बॅटरी खर्चायची."

ओढ्याकाठी या दिवसांत नुसता बर्फ असतो, काचेसारखा.
मी म्हटलं, समोरून जात जा.
बरं, म्हणाले. बरं म्हणजे काय
ते त्यांच्याकडे कधीच कळत नाही.

त्या रात्री मी चौकट पुन्हा आखली.
रस्ता आत घेतला, दाराची पायरी घेतली.
झुडूपसुद्धा घेतलं.
सकाळपर्यंत शंभरदा वारा आला.
एकोणऐंशी टक्के.
मी एकेक नोंद उघडून बघत बसले.