हवा कोणीकडून

शोरूममधला खोका पांढराशुभ्र होता.
एक बिल, एक शिक्का, तीन वर्षांची हमी.
हिंगणघाटचा चांडक म्हणाला, ताई,
प्लग लावा अन् फॉर्म भरायला बसा.
मी त्या वाक्यावर भाळले होते, खोटं कशाला बोलू.

फाट्यावरचं माझं दुकान दहा बाय आठ.
जुना कॉम्प्युटर अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी गेला,
एकाच्या सातबाऱ्याच्या मधोमध.
जाळ नाही, आवाज नाही, नुसता वास.
गिऱ्हाईक म्हणालं, "भात करपला का वं घरी?"

प्रफुलनं लग्नपत्रिकेच्या मागं यादी केली.
प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट.
एसएमपीएसखाली दोन रेघा.
"ताई, याच्यात कंजुषी नाई करायची.
रात्री शेतीची लाईन आली का ट्यूबलाईट लाल होते,
ते खोक्यातलं नाजूक पोरगं टिकन का आपल्याकडं?"
बेरीज सहा हजारांनी कमी आली.
मी म्हटलं, अन् बिघडलं तर?
"खोलू."
कोणाच्या नावानं ओरडू?
तो पेनाचं टोपण चावत बसला.

माझं अडलं होतं ते तिथंच.
तयार खोक्यासोबत शिव्या द्यायला माणूस मिळतो.
एक नंबर असतो, त्यावर वाजणारं गाणं असतं,
निघालोच म्हणणारा नागपूरचा इंजिनियर असतो.
आपण जोडलेल्या वस्तूला
आपल्याशिवाय कोणी नसतं.

बाबा ओसरीवर पत्रा ठोकत होते.
उन्हाळा लागला की आमचं घर कूलरचं:
मोटर एकाची, पंप दुसऱ्याचा,
गवत गोंदियाकडून येतं, पत्रा बाबांचा.
ऐकता ऐकता हातोडी थांबली.
"कूलर कोणी कंपनीचा घेते का वं आपल्या इकडं?"
एवढंच. पुन्हा ठोकाठोक.

घरातल्या कूलरच्या आजवर तीन मोटरी बदलल्या,
टाकी बदलली, मागचा दरवाजा बदलला,
तरी आम्ही त्याला जुनाच कूलर म्हणतो.

शनिवारी प्रफुल एसटीतून उतरला,
बोर्डाची पेटी मांडीवर धरून, पहिलटकरणीच्या भावासारखा.
धुतलेल्या चादरीवर सगळं मांडलं.
आधी लोखंडी कपाटाला हात लावायचा, मग सुट्या भागांना;
आई म्हणाली, सोवळंच हाये म्हणा ना.
प्रोसेसर दाबायचा नसतो, ठेवायचा असतो.
वरची पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी.
मी टॉर्च धरली. माझाच हात कापत होता.

बटण दाबलं. पंखे फिरले.
पडदा काळा.
सहा हजार रुपये त्या काळ्यात दिसले मला,
अन् चांडकचा पांढरा खोका.

बाबा उठले, बिडी पेटवली.
आई ओरडायच्या आत
मागच्या पंख्याजवळ धूर सोडला.
धूर आत गेला.
पुढच्या पंख्याजवळ सोडला.
तिथूनही आत.
"दोन्ही वढूनच राह्यले. मंग निंघन कुठून?"
प्रफुल एवढा शिकलेला, पण मान खाली घातली,
प्लग काढला, मागचा पंखा उलटा केला.
मग रॅम काढून पुन्हा बसवली,
दोन्हीकडून टक् होईस्तोवर.

धुराचा अन् पडद्याचा संबंध नव्हता, मला माहीत आहे.
रॅमच बसली नव्हती नीट.
पण बाबांना हे अजून कोणी सांगितलं नाही.

सोमवारी पहिला फॉर्म कोडाप्यांच्या शीतलचा, नर्सिंगचा.
शेवटची तारीख, पावणेपाच वाजलेले.
पैसे भरल्याची पावती निघाली
तेव्हा ती पावतीकडं पाहत होती,
मी कॅबिनेटच्या मागं हात धरून
गरम हवा बाहेर येते का ते.

दोन स्क्रू उरलेत.
कुठले ते प्रफुललाही सांगता येत नाही.
ड्रॉवरमध्ये, चिल्लरच्या डबीत आहेत.
सुटे देताना बोटांना लागतात.